दादाच्या गाडीचं आयडलिंग

सोमवार, ६ जानेवारी

दादाची गाडी आज चालू झाली!

दोन वर्षं बिल्डिंगच्या मागच्या भिंतीला लागून ताडपत्रीखाली पडली होती. दादा गेल्यापासून तिला कोणी हात लावला नव्हता. आता बिल्डिंग पाडून टॉवर होणार, म्हणून सोसायटीने सांगितलं, गाडी उचला. वहिनी म्हणाली, “भावजी, भंगारवाल्याला बोलवा.” मी बोलावलाही होता. तो ताडपत्री काढून टायरला लाथ मारत असतानाच गेटमधून एक मुलगी आली. माधुरी नाव. सिनेमाच्या कलाविभागात काम करते, समोरच्या गल्लीत काहीतरी बघायला आली होती. गाडी बघून ती जागच्या जागी थांबली.

“काका, ही चालते?”

मला काका म्हटल्याचं दुःख गिळून मी म्हटलं, “चालेल की.”

त्यांच्या सिनेमाची गोष्ट दोन हजार एक सालातली आहे. मढला एका बंगल्यावर शूटिंग. तसली गडद हिरवी गाडी त्यांना मालाड ते दहिसर कुठे सापडत नव्हती. एक बाई बंगल्याच्या दारात गाडी चालू ठेवून बसलेली असते, नवऱ्याला सोडून जावं की नाही ठरत नसतं, आणि मग ती निघून जाते. असा शॉट. डायरेक्टरला इंजिनाचा खरा आवाज हवाय. मी भंगारवाल्याला चहा पाजून परत पाठवला.

रेडिओ-मिक्सर-पंखे दुरुस्तीचं आमचं दुकान बंद झाल्यापासून मी घरीच आहे. जुनी गाडी शूटिंगला भाड्याने देणं हा धंदा होऊ शकतो हे मला कधी सुचलं नव्हतं. वहिनीला विचारलं. गाडी तिचीच. ती भाजी निवडत होती. म्हणाली, “बघा, होतंय का.” एवढंच.

नवी बॅटरी टाकली, टाकीतलं जुनं पेट्रोल काढलं, ताजं भरलं. बसायला गेलो तर सीट इतकी पुढे सरकवलेली की गुडघे स्टिअरिंगला लागले. दादा माझ्यापेक्षा उंच. बॅटरीवाल्याने सरकवली असणार. चावी फिरवली. खोकली, थांबली, परत खोकली, आणि लागली. अंगावर काटा आला.

मग पाय काढला आणि बंद पडली.

बुधवार, ८ जानेवारी

लक्षणं अशी. पाय ॲक्सिलरेटरवर असेपर्यंत ठीक. पाय काढला की आरपीएमचा काटा खाली जातो, मग घाबरल्यासारखा वर येतो, परत खाली. कधी सावरते, कधी विझते. कधी उलटंच, आपणहून एवढी रेस होते की शेजारचे खिडकीत येतात. सिग्नलला उभी राहू शकत नाही. आणि शॉटमध्ये तिला नेमकं तेच करायचंय, उभं राहायचंय.

लिबर्टी गार्डनजवळच्या गॅरेजमधला शिवदास येऊन बघून गेला. “सेन्सरवाली गाडी आहे ना, कायपण असू शकतं. थ्रॉटल असेल, व्हॉल्व्ह असेल, कॉम्प्युटर गेला असेल. तशी वाटच लागलीय म्हणा.” शिवदास माणूस चांगला, पण त्याच्या बोलण्यावरून मला एवढंच कळलं की त्यालाही माहीत नाही.

दादाच्या वेळी हिची काय शान होती! बाबा गिरणीत होते. आमच्या खानदानात पहिली गाडी दादाने घेतली, सेकंडहँड का असेना. शेवटची चार वर्षं त्याचं डायलिसिस. आठवड्यातून तीनदा बोरिवली. साखरेने पाय सुन्न झाले होते. एकदा चप्पल रस्त्यात निसटली, तर घरी येऊन वहिनीने सांगेपर्यंत त्याला पत्ता नव्हता. पण गाडी कायम स्वतः चालवायचा. मी गॅलरीतून बघायचो. गाडी गल्लीत वळायची, स्टिअरिंगवर दादा, चेहरा पांढराफटक, बाजूला वहिनी मांडीवर पर्स घेऊन गप्प बसलेली. ज्या पायांना चपलेचा पत्ता लागत नाही त्या पायांनी क्लच-ब्रेक! दादासारखा ड्रायव्हर मी पाहिला नाही.

शनिवार, ११ जानेवारी

आज थ्रॉटल उघडला. एवढी वर्षं मला वाटायचं, ॲक्सिलरेटर म्हणजे पेट्रोलचा नळ. तसं नाहीच. आपण दाबतो तेव्हा नळीतली पितळेची एक गोल झडप तिरकी होते आणि हवा आत जाते, फक्त हवा. किती हवा गेली, झडप किती उघडली, हे सेन्सर आतल्या कॉम्प्युटरला सांगतात आणि तो तेवढंच पेट्रोल सोडतो. आणि पाय काढला, झडप मिटली, तर? तर बाजूला एक बारीक वाट ठेवलेली असते. तिच्यातून इंजिन हळूहळू श्वास घेतं. बस, त्यालाच आयडलिंग म्हणतात. आपण सिग्नलला उभे असताना, गप्पा मारत असताना, ही बया नाकपुडीएवढ्या भोकातून श्वास घेत जिवंत राहते. मी खाली कंपाउंडमध्ये उकिडवा बसून बराच वेळ त्या भोकाकडे बघत राहिलो.

ती वाट काजळीने जवळजवळ बुजली होती. ब्रश आणि स्प्रे मारून साफ केली. हात कोपरापर्यंत काळे. लावून चालू केली, आणि पाय काढल्यावर टिकली! मी खुशीत एसी लावला. विझली.

वरून गॅलरीतून वहिनी म्हणाली, “एसीचं बटण दाबायच्या आधी पाय थोडासा टेकवून ठेवायचा. मग नाही विझत.”

“तुला काय माहीत गं?”

“तुमचे दादा करायचे तसं,” असं म्हणून ती आत गेली. बाजूला बसून माणूस किती शिकतो बघा.

मंगळवार, १४ जानेवारी

संक्रांत. आईने तिळाच्या वड्या केल्या. दुसऱ्या मजल्यावर हळदीकुंकू होतं, सगळ्या बायका तिकडे. वहिनी खाली आली आणि म्हणाली, “काय काम असेल तर सांगा.” मी म्हटलं, टॉर्च धर. तिने तासभर धरली. मला जिथे बघायचं असायचं, तिथे तिचा उजेड आधीच गेलेला असायचा.

काम काही झालं नाही. परत रेस होतेय.

रविवार, १९ जानेवारी

आपणहून रेस का होते ते सापडलं! इंजिनाच्या मागे रबराच्या नळ्या आहेत, त्यांतली एक वाकलेल्या जागी तडकलेली. बोटाने चाचपली तर कळतही नाही, इंजिन गरम झालं की मग तड उघडते. त्यातून चोरून हवा आत जाते, आणि कॉम्प्युटर बिचारा गोंधळतो, की झडप तर बंद आहे, मग एवढी हवा आली कुठून?

शोधली ती पाण्याने. इस्त्रीचा फवारा घेतला आणि एकेका नळीवर पाणी मारत गेलो. त्या नळीवर थेंब पडले मात्र, तडीत पाणी अडकलं आणि इंजिनाचा आवाज झपकन बदलला. माझ्या तोंडून ओरडाच निघाला. वहिनी हसली. ती बऱ्याच दिवसांनी हसली, म्हणून लिहून ठेवतो.

नळी बदलली. रेस होणं थांबलं. विझणं मात्र चालूच. आता रोग एकच उरला आहे. पाय अगदी हलका टेकवला, किंवा उचलता उचलता शेवटच्या टप्प्यात आला, की गचका देऊन विझते. जोरात दाबलं तर मख्खन!

गुरुवार, २३ जानेवारी

वाईट दिवस. शिवदासने भंगारातल्या कुठल्यातरी गाडीचा थ्रॉटल सेन्सर आणला. “हाच तुझा रोग, घे, झकास होईल.” लावला. चालूच होईना. दुपारभर खटपट करून परत जुना लावला. नवा मिळत नाही, कंपनीने बनवणं कधीच बंद केलंय.

संध्याकाळी माधुरीचा फोन. शूटिंग सहा फेब्रुवारीला. “काका, नक्की ना? नाहीतर ठाण्यात एक पांढरी गाडी आहे, तिला रंग मारून घेऊ.” मी नक्की म्हणून सांगितलं. का सांगितलं देव जाणे.

आई म्हणते, “सोड रे ता. गेलेल्या माणसाची गाडी, गेली तर गेली.” खरं सांगायचं तर मला भीती शूटिंगची नाही. ही गाडी भंगारात गेली तर दादाचं या घरात काय उरतं? एक फोटो. फोटोत तर तो मला ओळखूही येत नाही, एवढा आजारी दिसतो.

सोमवार, २७ जानेवारी

आज मी मूर्ख आहे हे कळलं आणि मला फार आनंद झाला.

थ्रॉटल सेन्सर म्हणजे काय, तर रेडिओचं आवाजाचं बटण! मी आयुष्यभर तीच तर दुरुस्त केली. बटण फिरवलं की आत एक पातळ पत्र्याची जीभ काळ्या पट्टीवरून घसरते आणि आवाज वाढतो. पट्टी झिजली की त्या जागी रेडिओ खरखरतो. इथे बटणाच्या जागी झडपेची दांडी आहे, आणि आवाजाऐवजी व्होल्टेज वाढतं. दोन आठवडे मी ज्याला सेन्सर-सेन्सर म्हणून घाबरत होतो, तो माझ्या ओळखीचाच निघाला.

माळ्यावरून दुकानातला काट्याचा मीटर काढला. आकड्यांचा मीटर यात कामाचा नाही, आकडे पळतात. चावी ऑन केली, इंजिन बंदच ठेवलं, सेन्सरच्या वायरीला टाचणी टोचून मीटर लावला. वहिनीला म्हटलं, आत बसून ॲक्सिलरेटर दाब, पण एकदम हळू.

ती बसली. मला सांगायला हवं, असा पाय मी पाहिला नाही. मी स्वतः करून बघितलं तेव्हा काटा धक्के खात चढत होता. तिने दाबला तर काटा चढतोय की नाही तेच कळेना, एवढा सावकाश, लहान मुलाच्या तोंडावरून चादर ओढावी तसा. आणि म्हणूनच दिसलं! झडप जेमतेम उघडली, आणि काटा धाडकन शून्यावर पडला, मग उसळून परत जागेवर आला. पुढे वरपर्यंत नितळ. तिला म्हटलं, परत. परत तिथेच. दहा वेळा केलं, दहाही वेळा त्याच एका जागी.

त्या क्षणी कॉम्प्युटरला वाटत असणार, झडप नाहीशीच झाली. मग तो पेट्रोल तोडतो.

“वहिनी, तुझा पाय म्हणजे मशीन आहे,” मी म्हटलं. ती उतरून साडी झटकत म्हणाली, “शिवणयंत्र चालवलंय ना.”

शुक्रवार, ३१ जानेवारी

सेन्सर उघडला. उघडण्यासाठी नसतोच तो, कडा कापावी लागली. आत घोड्याच्या नालासारखी वळलेली काळी पट्टी. जवळजवळ सगळी नवीकोरी. फक्त सुरुवातीला, जिथे झडप जेमतेम उघडते, तिथे एक चकाकणारी खोलगट झीज, तांदळाच्या दाण्याएवढी. पत्र्याची जीभ त्या एका जागी वर्षानुवर्षं मागेपुढे, मागेपुढे होत राहिली होती.

हे काही पटेना. दादा म्हणजे वारा. कशेडी घाटात ट्रक मागे टाकणारा माणूस. त्याच्या पायाची झीज पट्टीच्या वरच्या टोकाला असायला हवी होती. मग विचार केला, मुंबईचं ट्रॅफिक, दुसरं काय. लिंक रोडवर वारा काय करणार.

वहिनीला दाखवलं. तिने ती पट्टी तळहातावर घेतली, चष्मा लावला, खिडकीपाशी गेली. खूप वेळ परत दिली नाही. मी म्हटलं, “काय गं?” तर म्हणाली, “काही नाही. एवढंसं झिजतं, नाही?”

आता उपाय. नवी पट्टी मिळणार नाही. पण जीभ? ती जरा बाजूला वाकवली, तर ती झिजलेल्या वाटेच्या शेजारून, कोऱ्या पट्टीवरून घसरेल. दोन बारीक पकडी घेऊन, श्वास रोखून, केसभर वाकवली. मोडली असती तर संपलंच होतं. कडा चिकटवली, वाळू दिली, बसवला, मीटर लावला. काटा खालपासून वरपर्यंत चढला, कुठेही न अडखळता.

मग इंजिन चालू केलं. पाय काढला.

काय लिहू? ती चालत राहिली. आरपीएमचा काटा एका जागी थांबला, जसा काही रंगवलेला. एसी लावला, किंचित वाकली आणि सावरली. दिवे लावले, तेच. माझ्याकडून तिला काही नको होतं. हातभर लोखंड, आत सेकंदाला कितीतरी ठिणग्या, आणि सगळं त्या एका बारीक वाटेने आलेल्या श्वासावर. मी बॉनेटवर हात ठेवून उभा राहिलो. आई गॅलरीतून ओरडली, “किरण, जेवक ये, निवता हा!” मला हलवेना.

सोमवार, ३ फेब्रुवारी

सकाळी ट्रायल. वहिनी म्हणाली, मी पण येते. मार्वे रोडने आक्सापर्यंत गेलो. एकदाही विझली नाही. वहिनी बाजूला बसून मध्येच पुटपुटत होती, “आता सेकंड... आता सोडा क्लच.” दादाची सवय लागलीय तिला. एका वळणावर मी जरा जोरात ब्रेक मारला तर चिडलीच, “भावजी, आत माणूस बसलाय!” आत आम्ही दोघंच होतो.

आक्साच्या रस्त्याला झाडांखाली थांबलो. ती म्हणाली, “सकाळी हा रस्ता रिकामा असतो. शिकायला बरा.” मी म्हटलं, कोणाला शिकायचंय? ती समुद्राकडे बघत होती.

शुक्रवार, ७ फेब्रुवारी

काल रात्री लिहिणं शक्य नव्हतं. आज सगळं क्रमाने लिहितो.

काल सकाळी मढला पोचलो. वहिनी डबा घेऊन बरोबर आली होती, शूटिंग बघायला. बंगल्याच्या दारात केवढी माणसं! लाइटवाले, केबलवाले, छत्र्या, खुर्च्या. सगळ्यांच्या मध्ये आमची हिरवी गाडी धुऊनपुसून उभी. मला लग्नघरातल्यासारखं वाटत होतं. हिरोइनचे जवळचे शॉट दुपारपर्यंत झाले. ती गाडीत बसून रडली, इंजिन चालूच. गाडीने तिला छान साथ दिली.

मग शेवटचा शॉट. कॅमेरा लांब, गाडी पाठमोरी. गाडी उभी आहे, इंजिन चालू आहे. बराच वेळ काहीच होत नाही. मग ती हळूच निघते आणि गल्लीच्या टोकाला वळून दिसेनाशी होते. सगळं एका दमात. आणि डायरेक्टरची अट अशी की निघताना इंजिन रेस व्हायला नको. ती बाई घरातल्यांना जाग न आणता निघालीय.

हिरोइन फक्त ऑटोमॅटिक चालवते. तिच्या जागी चालवायला जी मुलगी ठरली होती, तिने दोनदा प्रयत्न केला. एकदा गाडी गुरगुरत निघाली, एकदा विझली. या वेळी दोष गाडीचा नव्हता. तिसऱ्या वेळी मुलगी रडकुंडीला आली, म्हणाली मला ही गाडी जमत नाही. ऊन उतरत चाललं होतं. माधुरी माझ्याकडे वळली. “काका, साडी नेसाल? पाठमोरंच आहे.”

मी काही बोलायच्या आत मागून आवाज आला, “मी चालवते.”

वहिनी. हातात डब्याची पिशवी.

मी म्हटलं, “वहिनी, काहीतरीच काय, ही सिनेमाची माणसं—”

“लायसन्स पर्समध्ये आहे. कायम असतं.” तिने पिशवी माझ्या हातात दिली. “आणि पाय लावायची गरजच नाही तिला. क्लच श्वासाश्वासाने सोडला की आपोआप निघते.”

डायरेक्टरने तिच्याकडे पाहिलं. मग म्हणाला, “ताईंना साडी द्या.”

ती बसली. सीट पुढे ओढली. न बघता, डाव्या हाताने लीव्हर चाचपून. आरसा खाली केला. कोणीतरी ओरडलं, सायलेन्स! आणि मग, मी हे आयुष्यात विसरणार नाही, एवढी सगळी माणसं गप्प झाली. पंखे बंद केले, फोन बंद केले. चहावाल्याने किटली खाली ठेवली तीही आवाज न करता. कावळे आणि लांबून समुद्र. आणि या सगळ्याच्या मध्ये दादाच्या गाडीचं इंजिन. बारीक, एकसारखं. सगळे फक्त तेच ऐकत होते. साउंडवाला कानावर हात दाबून डोळे मिटून उभा होता. मला वाटलं, मी रडणार, आणि रडलो तर आवाज होईल.

किती वेळ गेला कळलं नाही. मग गाडी निघाली. निघाली हे चाकांकडे बघून कळलं. आवाज होता तसाच राहिला. गल्लीतून ती सावकाश गेली, टोकाला वळली, आणि आवाज बारीक होत होत समुद्राच्या आवाजात मिसळून गेला. डायरेक्टर तरी कट म्हणेना. मग म्हणाला, आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

वहिनी परत आली नाही.

आधी सगळे हसले. मग माधुरीने माझ्याकडे पाहिलं. मी धावलो. गल्ली संपते तिथे वाळू लागते, बोंबील वाळत घातलेल्या काठ्या. तिथे गाडी उभी होती, इंजिन चालू. वहिनी स्टिअरिंगवर दोन्ही हात ठेवून बसलेली. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ती ते पुसतही नव्हती.

“बसा,” ती म्हणाली. मी बाजूला बसलो. दादाच्या गाडीत मी त्या बाजूला बसलो की स्टिअरिंगवर दादा असायचा.

“त्यांना पेडल लागायचंच नाही पायाला,” ती म्हणाली. “डायलिसिस सुरू व्हायच्या आधीपासून. एकदा एका बाईच्या अगदी जवळ जाऊन थांबली गाडी. घरी येऊन दोन दिवस जेवले नाहीत. मग मला आक्साला आणून शिकवलं. पहाटे. आईंना सांगायचं, मासळीला जातोय.”

“पण मी बघायचो गं. दादाच असायचा स्टिअरिंगवर.”

“आपल्या गल्लीपुरते. दूधवाल्याच्या नाक्यावर मी उतरायची, ते इकडे यायचे. पहिल्या गिअरमध्ये दारापर्यंत. तेवढं हाताने पाय पेडलवर ठेवून, अंदाजाने. मी हँडब्रेक धरून बसायची, पर्सखालून.” ती हसली. “म्हणायचे, किरण गॅलरीत असतो.”

मी खाली पेडलवरच्या तिच्या पायाकडे पाहिलं.

“डायलिसिस झाल्यावर जरा गचका बसला तरी त्यांना उलटी व्हायची. मग मी अशी चालवायची की पोटातलं पाणी हलू नये. चार वर्षं, भावजी. कोणाला कळलं तर त्यांना वाईट वाटेल, म्हणून ते गेल्यावरही बसले नाही कधी. आता कोणाला कळायचंय ते मलाच कळत नाही.”

मी तिच्याकडे बघत होतो. माझ्या लग्नाळू वयापासून ही बाई आमच्या घरात आहे. तिच्या हातचं मी रोज जेवतो. आणि मी तिला काल पहिल्यांदा पाहिलं.

“तू चालव,” मी म्हटलं. “घरापर्यंत.”

तिने चालवली. मढ, एरंगळ, आक्सा, मार्वे रोड, मालाडचा बाजार. रिक्षा, हातगाड्या, फुलवाले, सगळ्यांतून ती पाण्यासारखी गेली. दूधवाल्याचा नाका आला. तिने जरा स्पीड कमी केला. ती सरळ वळली आणि बिल्डिंगच्या दारात आणून थांबवली.

आई खाली बाकावर बसली होती. ती उठली, चपला ओढत आली आणि वहिनीच्या खिडकीत वाकली. मी आतून काहीतरी सांगायला लागलो, तर मला हातानेच गप्प केलं.

“इतकी वर्सां त्या नाक्यार उतरत होतंस गो,” आई म्हणाली. “आज दारात इलंस. बरा केलंस.”

वहिनीचं तोंड उघडंच राहिलं. “आई, तुम्हाला...?”

“नाक्यार भाजी घेवक मीच जातंय मा? डोळे काय फुटले नाय माजे.” आणि मग पदर सावरून म्हणाली, “किरण, उठ रे. माका पुढे बसूचा हा.”

मी मागे गेलो. आई पुढे बसली, दोन्ही हातांनी दरवाज्याची कडी घट्ट धरून. वहिनीने गाडी लिंक रोडला घेतली. आई सारखी “हळू गो, हळू” म्हणत होती, तेव्हा आम्हाला सायकली मागे टाकत होत्या. सिग्नल लागला. गाडी थांबली. चारी बाजूंनी हॉर्न, बसेस, गर्दी. आईने कान टवकारले आणि घाबरून वहिनीकडे पाहिलं.

“बंद पडली काय गो?”

“नाही आई. चालू आहे.”

“मग आवाज खंय?”

वहिनीने तिचा हात कडीवरून सोडवला आणि डॅशबोर्डवर नेऊन ठेवला. आईने तळवा टेकवला, डोळे मिटले. बराच वेळ ती तशीच बसली. सिग्नल हिरवा झाला, मागच्यांनी हॉर्न वाजवायला सुरुवात केली, आणि वहिनी थांबूनच राहिली, आईचा हात निघेपर्यंत.